‘मर्यादित’ म्हणजे नेमके किती?

सोन्याच्या शुद्धतेची हमी आज देशातील बहुतेक ग्राहकांना मिळते. दुर्मीळतेची हमी मात्र कोणीच देत नाही. ‘मर्यादित आवृत्ती’ या दोन शब्दांच्या बळावर दागिन्यांना चढी किंमत लावली जात असताना धोरणकर्त्यांनी या उणिवेकडे लक्ष देण्याची वेळ आली आहे.

हिंदी चित्रपटांतील दागिन्यांची चाहती म्हणून मी स्वतः या बाजाराची ग्राहक आहे. २००८ चा ‘जोधा अकबर’ आणि २०१८ चा ‘पद्मावत’ या चित्रपटांसाठी तनिष्कने दागिने घडवले आणि पडद्यावरचा हार दुकानाच्या काचेमागे आला. असा हार घेताना चाहता धातूची किंमत देतो, घडणावळ देतो आणि आणखी एका गोष्टीचे पैसे मोजतो: हा हार फार थोड्या जणांकडे असेल, या विश्वासाचे. नाणी किंवा चित्रे जमवणाराही हेच करतो.

परंतु हा विश्वास किती ठिसूळ असतो, याचा अनुभव मला आला आहे. ‘केवळ शंभर नग’ असे सांगून एका पेढीने विकलेला जडाऊ हार मी दोन वर्षे पैसे साठवून घेतला. मागे क्रमांक कोरलेला होता. वर्षभराने तोच नमुना लाल खड्यांऐवजी हिरव्या खड्यांत आला, नवे क्रमांक घेऊन. विचारले तेव्हा उत्तर मिळाले, ‘आवृत्ती लाल खड्यांची होती.’ हे उत्तर चुकीचे ठरवणारी एकही ओळ माझ्या पावतीवर नव्हती.

शुद्धतेच्या बाबतीत सरकारने मोठे काम केले आहे. १६ जून २०२१ पासून हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. १ एप्रिल २०२३ पासून सक्तीच्या कक्षेतील दागिना सहा अंकाक्षरांच्या विशिष्ट ओळख क्रमांकाशिवाय विकता येत नाही. तो क्रमांक ग्राहकाला मोबाइलवर पडताळता येतो. मात्र कुंदन, पोलकी आणि जडाऊ दागिन्यांना या सक्तीतून सूट आहे. ऐतिहासिक चित्रपटांच्या प्रभावातून घडणारे दागिने बहुतांशी याच घडणीचे असतात. म्हणजे चाहता ज्यासाठी सर्वाधिक पैसे मोजतो, तिथे शुद्धतेची सक्तीची हमीही नाही. असा दागिना मोडायला नेला की सराफ आतल्या लाखेचे वजन वजा करतो, खड्यांचे मोल कमी धरतो आणि कोरलेल्या क्रमांकाची किंमत शून्य लावतो.

करवसुलीच्या वेळी मात्र शासनाची दृष्टी वेगळी असते. प्राप्तिकर कायद्यात घरातल्या बहुतेक वापराच्या वस्तू वैयक्तिक चीजवस्तू म्हणून भांडवली मालमत्तेतून वगळल्या आहेत. दागिन्यांना ही सवलत नाही, त्यांच्या विक्रीतील नफ्यावर कर लागतो. कर घेताना जो दागिना मालमत्ता ठरतो, तो संरक्षण देतानाही मालमत्ताच मानला पाहिजे.

यावर कायदे आहेतच, असे कोणी म्हणेल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई होऊ शकते. नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ऑनलाइन विक्रीतील तेरा फसव्या क्लृप्त्यांत खोट्या घाईचा आणि टंचाईच्या आभासाचा समावेश केला आहे. परंतु नग शंभर घडले की तीनशे, हे ग्राहकाने सिद्ध कसे करायचे? तो हिशेब केवळ विक्रेत्याच्या वहीत असतो.

म्हणून तीन साध्या सुधारणा सुचवाव्याशा वाटतात. पहिली: ‘मर्यादित आवृत्ती’ हा शब्द वापरणाऱ्याने एकूण नग किती, आणि रंग वा आकार बदलून तोच नमुना पुन्हा काढणार की नाही, हे पावतीवर लिहावे. दुसरी: आवृत्तीची संख्या व नगाचा क्रमांक ओळख क्रमांकाच्या नोंदीला जोडावा, सूट असलेल्या दागिन्यांसाठी ऐच्छिक नोंदणी असावी. तिसरी: दागिना परत घेताना कशाची किती वजावट होईल, हे विक्रीच्या वेळीच लेखी द्यावे.

श्रीमंतांच्या हौसेसाठी सरकारने का राबावे, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याने लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. नोकरदार घरात असा एक हार म्हणजे कित्येक वर्षांची बचत असते आणि अडीअडचणीला तोच गहाण पडतो. इन्स्पेक्टर राज वाढेल, ही भीतीही अनाठायी आहे. दुर्मीळतेचा दावा न करणाऱ्या सराफाला यातले काहीच करावे लागणार नाही. उलट ज्याचे शंभर खरोखर शंभरच राहतात, त्या प्रामाणिक पेढीला आपला शब्द सिद्ध करण्याचे साधन मिळेल.

दुर्मीळता विकण्यात गैर काही नाही. आकड्याचे पैसे घेतले असतील, तर त्या आकड्याचा हिशेबही ग्राहकाला मिळावा, एवढीच मागणी आहे.