तात्पर्य नंतर, आधी गोष्ट! 'श्यामची आई' मुलांना पुन्हा कशी आवडेल?

विंचूर : 'मुलं वाचतच नाहीत', ही तक्रार विंचूरच्या घरांनाही नवी नाही. पण वाचनाची गोडी ऐकण्यातून लागते, हे दाखवणारं पुस्तक आपल्याच जिल्ह्यात लिहिलं गेलं आहे.

कुठे आणि कसं लिहिलं?
साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी सुरुवात केली आणि १३ फेब्रुवारीला संपवलं. अवघे पाच दिवस!

मुलांना ते का भिडतं?
या पुस्तकात प्रकरणांऐवजी ४२ रात्री आहेत. आश्रमात प्रार्थनेनंतर श्याम मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो. म्हणजे ही गोष्ट मुळातच ऐकायची आहे. शिवाय श्याम काही गुणी बाळ नाही. पोहायच्या भीतीनं तो लपून बसतो, आईचा मार खातो. अंघोळीनंतर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून आईनं पदर पसरावा, असा हट्टही धरतो.

मग अडतं कुठे?
मोठ्यांनीच या पुस्तकाचं औषध करून टाकलं. बक्षीस म्हणून हातात द्यायचं आणि लगेच विचारायचं, 'यातून काय शिकलास?' दुसरी अडचण खरी आहे. शंभर वर्षांपूर्वीचं कोकण आणि तिथले शब्द आजच्या मुलाला अनोळखी वाटतात. म्हणूनच शेजारी वाचून दाखवणारं माणूस हवं.

मोबाइलवर वाचता येईल?
हो. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्यामुळे २०११पासून मूळ पुस्तक कॉपीराइटमुक्त आहे. त्याचा मजकूर मोफत वाचायला, फॅमिली ग्रुपवर पाठवायला कायद्याची आडकाठी नाही.

आजपासून काय कराल?
- कांद्याचे लिलाव, शेतातली कामं, क्लास आटोपून जेवणं झाली की १५ मिनिटं काढा.
- एक रात्र मोठ्यानं वाचा. आजी-आजोबांनी वाचली तर उत्तमच.
- अडलेला शब्द सांगा, तात्पर्य विचारू नका.
- 'पुढं काय झालं?' असं विचारलं, तर पुस्तक मिटून 'उद्या' म्हणा.

४२ रात्री म्हणजे जेमतेम दीड महिना. त्यातल्या एखाद्या रात्री मुलानं वाट न पाहता पुस्तक स्वतःच उघडलं, तर ती तक्रार त्या घरापुरती मिटलीच.