पालकांना मराठीच्या तासाला बसू द्या

शाळेत पालकसभा भरते तेव्हा सहावी ते आठवीच्या मुलांचे आईबाप दिवसाची मजुरी बुडवून येतात आणि मागच्या बाकांवर अंग चोरून बसतात. हजेरी, गणवेश, शिष्यवृत्तीचे कागद यांविषयी सूचना होतात. गणिताचे व इंग्रजीचे गुण वाचून दाखविले जातात. कोठे सह्या, कोठे अंगठे घेतले जातात आणि सभा संपते. मराठीविषयी कोणी विचारीत नाही, कोणी सांगतही नाही. मराठी तर आपलीच, तिच्यात शिकायचे ते काय, हा पालकांचा समज. आणि या माणसांना त्यातले काय कळणार, हा शाळेचा समज. हे दोन्ही समज चुकीचे आहेत. त्यांची किंमत मात्र कष्टकऱ्यांच्या मुलांना मोजावी लागते.

पाचवीपर्यंत मूल वाचायला शिकते. सहावीपासून इतिहास, भूगोल, विज्ञान हे सारेच विषय वाचून समजून घ्यावे लागतात. ज्याला उताऱ्याचा अर्थ लागत नाही, त्याचे गणितही शाब्दिक उदाहरणापाशी अडते. उताऱ्याचे आकलन, सारांश, अर्ज, पत्र, आपले म्हणणे मुद्देसूद मांडणे, हे सर्व मराठीच्या तासाला शिकावयाचे असते. व्याकरणाचेच पाहा. वाक्यातील कर्ता शोधण्याचा धडा पालकांना निरर्थक वाटतो. पण ‘सदर झोपड्या हटविण्यात येतील’ अशी नोटीस वस्तीत लागते, तेव्हा त्या वाक्यात कर्ता कोठे आहे? कोण हटविणार, कोणत्या अधिकाराने, केव्हा? हा प्रश्न ज्या मुलाला विचारता येतो, ते व्याकरण शिकले असे म्हणता येईल. पोटाला चिमटा घेऊन इंग्रजीच्या शिकवणीचे पैसे भरणाऱ्या आईला हे कोणी तरी समजावून सांगितले पाहिजे.

ही जाण आपल्याकडे नवी नाही. 1875 साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. स्वतःला न वाचता येणाऱ्या कागदाने घरदार गिळले, हा त्या संतापाचा एक भाग होता. पुढे 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा फुले यांनी प्राथमिक शाळांत मोडी व बालबोध या दोन्ही लिप्यांचे लेखनवाचन आणि हिशेब शिकवावेत, अशी मागणी केली. त्या काळचे दस्तऐवज मोडीत लिहिले जात, हे ध्यानात घेतले म्हणजे या मागणीचे मर्म कळते.

पालकांना वर्गात बोलवावयाचे ते केवळ ऐकविण्यासाठी नव्हे. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्या घरांतील शब्द मुलाच्या वहीत आले की त्यांवर तांबडी रेघ ओढली जाते. गोंडी, भिली किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलाला तर मराठी ही दुसरीच भाषा असते. कचेरीचा आणि न्यायालयाचा कागद प्रमाण मराठीत असतो, म्हणून ती आलीच पाहिजे. याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु आईच्या बोलीची लाज वाटावयास लावून शिकविलेली भाषा मुलाचे तोंड उघडीत नाही, बंद करते. आई वर्गात येऊन पेरणीचे, मासळीचे, विटभट्टीचे शब्द सांगेल आणि गुरुजी ते फळ्यावर लिहितील, तर दोघांच्याही मनातील अंतर कमी होईल.

शिक्षकांवर शाळाबाह्य कामांचा बोजा आहे, पालकांना सवड नाही, हे आक्षेप खरे आहेत. म्हणूनच आमची सूचना लहान आहे. प्रत्येक सत्रात एकदा, मजुरीची वेळ टाळून, पालकांसाठी मराठीचा एक तास घ्यावा. पालकांनी घरातील एखादा कागद आणावा: विजेचे बिल, शिधापत्रिकेची सूचना, ग्रामसभेची नोटीस. मुलांनी तो वाचावा, त्याचा अर्थ सांगावा आणि त्यावर द्यावयाचा अर्ज सर्वांनी मिळून लिहावा. ज्याला वाचता येत नाही त्याला तेथे उभे करून खजील करू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुरे.

यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत व्यवस्थापन समिती आवश्यक केली. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मात्र अनेक ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरली आहे. आपल्या कार्यकर्त्यांपैकी अनेक जण स्वतः पालक आहेत. शौचालय, पाणी आणि पोषण आहार यांविषयी ते समितीत बोलतात, ते योग्यच आहे. येत्या बैठकीत त्यांनी मराठीच्या या एका तासाचा विषयही मांडावा, आणि तो तास ठरला की शेजारच्या घरातील आईबापांना सोबत घेऊन जावे.