मोबाईल कॅन्सर शोधत नाही, मग करतो काय?

पेण-रोह्याच्या वाड्यांवर आशाताई 'सीबॅक' फॉर्म भरतात: वय, तंबाखू, कमरेचा घेर वगैरे. गुण 4 च्या वर गेले की तपासणीला प्राधान्य. पण 4 च्या आत म्हणजे सुटलो, असं नाही हं! तिशीपुढच्या सगळ्यांनीच तोंडाची आणि बायकांनी स्तन व गर्भाशयमुखाचीही तपासणी करायची आहे.

ॲपचं खरं काम त्यानंतरचं, पाठपुराव्याचं. टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांत व्हिनेगर लावून केलेल्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तेव्हा कुठलं ॲप? प्रशिक्षित आरोग्यसेविका होत्या.

आणि घरातला एकुलता फोन नवऱ्याच्या खिशात असेल, तर पुढच्या तारखेचा मेसेज बाईला कळणार कसा? नोंदणी करताना निदान एवढं विचारा: हा नंबर कोणाचा?