बोगोटाचे सहा सामने

पगाराची गोष्ट निघाली की आम्हां मास्तरांचे कान टवकारतात. म्हणूनच फुटबॉलातले फारसे न कळूनही नील फ्रँकलिन मला जवळचा वाटतो. स्टोक सिटीचा हा सेंटर-हाफ इंग्लंडकडून ओळीने 27 सामने खेळला. धसमुसळेपणा न करता चेंडू अलगद काढून घ्यावा, तो त्यानेच! मोबदला? आठवड्याला 12 पौंड. खेळाडू केवढाही मोठा असो, त्याहून अधिक द्यायचे नाही, असा तिथल्या लीगचा नियमच होता. शिवाय करार संपला तरी क्लबाने सोडल्याखेरीज दुसरीकडे जाता येत नसे.

1950 साली विश्वचषकाकडे पाठ फिरवून गडी थेट कोलंबियात, बोगोटाच्या सांता फे संघाकडे गेला. तिथली लीग फिफाच्या बाहेरची, त्यामुळे हे निर्बंध तिला लागू नव्हते. पण परमुलुखात जीव रमेना. सहा सामने खेळून स्वारी परत. इकडे बंदी तयारच! 1951 साली स्टोकने त्याला हल सिटीला विकले. हो, ‘विकले’ हाच शब्द, पैसे क्लबाला. पुढे क्रू, मग स्टॉकपोर्ट; सारी उतरणच. इंग्लंडचा सदरा पुन्हा अंगावर चढला नाही.

पगाराची ती मर्यादा 1961 साली उठली. तेव्हा फ्रँकलिन चाळिशीला टेकला होता.