कंदिलाच्या खोलीत आणखी काय होते

लसकार हाफकिन यांचे नाव मराठी माणसाला परळच्या हाफकिन संस्थेमुळे ठाऊक असते. कलकत्त्याचे डॉक्टर सर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी सहसा ठाऊक नसतात. त्यांनी ज्याच्याशी झुंज घेतली तो काळा आजार आपल्या पठारावरचा नव्हे, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतला. ताप महिनोन्‌महिने हटत नाही, पानथरी वाढत जाते, अंग खंगते आणि उपचार न मिळाल्यास रोगी बहुधा दगावतो. या रोगाच्या साथीत आसामातल्या नौगाव जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ ते १९०१ या दशकात चक्क घटली. मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस आसामात जाऊन आले आणि हाही मलेरियाच, असे सांगून मोकळे झाले. खरा परजीवी १९०३ मध्ये लीशमन आणि डोनोव्हन या दोघा ब्रिटिश सेवेतल्या डॉक्टरांनी ओळखला. आजही तो त्यांच्याच नावांनी ओळखला जातो.

कारण कळले, औषध मात्र नव्हते. १९१५ च्या सुमारास टार्टर एमेटिक हे अँटिमनीचे क्षार शिरेतून देऊ लागले. त्याने रोगी बरे होत, पण ओकाऱ्या आणि खोकल्याने हैराण होत, आणि टोचणे आठवडेच्या आठवडे चाले. तेवढा काळ इस्पितळात तळ ठोकणे कोणत्या शेतमजुराला परवडणार?

ब्रह्मचारी १९०५ पासून कलकत्त्याच्या कॅम्पबेल मेडिकल स्कूलमध्ये शिकवत होते. हे कॉलेज नव्हे, शाळा; पुण्यातल्या तेव्हाच्या बी. जे. मेडिकल स्कूलच्या पंगतीतली. इथून पदवीधर नव्हे, तर गावोगावच्या दवाखान्यांत राबणारे डॉक्टर बाहेर पडत. मानाच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे असत. अशा शाळेतल्या एका खोलीत, जिथे गॅस नव्हता, पाण्याचा नळ नव्हता, वीज नव्हती, कंदिलाच्या उजेडात त्यांनी १९२० मध्ये युरिया स्टिबामाइन तयार केले. टोचण्यांची संख्या घटली, उपचाराचा काळ काही आठवड्यांवर आला. आसामातल्या काळ्या आजाराविरुद्धच्या मोहिमेत ते सर्रास वापरले गेले आणि लाखो माणसे वाचली.

ही कंदिलाची गोष्ट आपल्याला फार आवडते. माझ्या मते जरा जास्तच. तिचा आधार घेऊन प्रयोगशाळांना पैसे नाकारणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. पण त्या खोलीत आणखी काय होते? १९१९ च्या अखेरीस मंजूर झालेले इंडियन रिसर्च फंड असोसिएशनचे अनुदान होते. रसायनशास्त्रातली एम. ए., वैद्यकाची पदवी आणि रक्तपेशींच्या विघटनावरची पीएच. डी., हे सारे एकाच माणसाकडे होते. आणि जवळच वॉर्ड होता. टार्टर एमेटिकने कोण किती ओकतो, हे ज्याने खाटेशी उभे राहून पाहिले, तोच अँटिमनीला युरियाशी जोडून पाहत होता. रसायनतज्ज्ञ एका इमारतीत आणि डॉक्टर दुसरीत, अशी वाटणी तिथे झालीच नव्हती. कंदील ही अडचण होती, कारण नव्हे.

मानसन्मानांचा हिशेब लवकर आटोपता येतो. १९२९ मध्ये नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले गेले, पारितोषिक मिळाले नाही. रॉयल सोसायटीचे सदस्यत्वही नाही. सर ही पदवी १९३४ मध्ये आली, १९३६ मध्ये सायन्स काँग्रेसचे अध्यक्षपद. १९४६ मध्ये ते गेले.

त्यांच्या औषधापेक्षा मला मोठे वाटते ते १९२२ मधले एक निरीक्षण. काळ्या आजारातून उठलेल्या काही रुग्णांच्या अंगावर चट्टे आणि गाठी येत. माणूस ठणठणीत, ताप नाही, तक्रार नाही. ब्रह्मचारींनी त्या त्वचेत तोच परजीवी दाखवून दिला. बरे झाले म्हणून घरी धाडलेल्या रुग्णाकडे पुन्हा वळून पाहणारा डॉक्टर त्या काळी विरळाच. युरिया स्टिबामाइन केव्हाच मागे पडले, हे निरीक्षण मात्र नाही. पुढची अँटिमनीची औषधेही बिहारमध्ये निकामी ठरू लागली, आता अ‍ॅम्फोटेरिसिन वापरतात. बांगलादेशाने २०२३ मध्ये सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हा रोग निकालात काढला. भारतातही रुग्ण खूप घटले आहेत. मात्र चट्टे असलेल्या माणसाला चावून या रोगाची वाहक वाळूमाशी तो परजीवी पुन्हा दुसऱ्यापर्यंत नेऊ शकते. हा माणूस आजारी नसल्याने दवाखान्यात येतच नाही, म्हणून आरोग्य कर्मचाऱ्यांना त्याला शोधत बिहार-झारखंडच्या गावांत घरोघर फिरावे लागते.