हक्काच्या घराच्या गोष्टी

इवा इबॉट्सन (1925–2010) या मूळच्या व्हिएन्नाच्या. आई-वडील विभक्त झाले, जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू वंशाच्या या मुलीला बालपणीच इंग्लंड गाठावे लागले. आपण नेमके कुठले, हा प्रश्न पुढे त्यांच्या कादंबऱ्यांत सतत डोकावत राहिला. मात्र त्याचे त्यांनी कधी रडगाणे केले नाही.

1975च्या ‘द ग्रेट घोस्ट रेस्क्यू’मध्ये बेघर भुतांना अभयारण्य मिळावे म्हणून एक शाळकरी मुलगा खटपट करतो. 1994च्या ‘द सीक्रेट ऑफ प्लॅटफॉर्म 13’मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाखालून जादूच्या बेटाकडे जाणारी वाट दर नऊ वर्षांनी फक्त नऊ दिवस उघडते.

2001ची ‘जर्नी टू द रिव्हर सी’ ॲमेझॉनकाठी घडते. 1910 साली अनाथ माया तिथे नातेवाइकांकडे येते. या नातेवाइकांना, म्हणजे कार्टर कुटुंबाला, जंगलाचा तिटकारा. घरभर कीटकनाशक फवारायचे आणि डबाबंद अन्न खायचे, ही त्यांची रीत. मायाला मात्र नदी आणि तिथली माणसेच आपली वाटू लागतात.

घर रक्ताच्या नात्यापेक्षा जिव्हाळ्याने मिळते, हे इबॉट्सन उपदेशाचे डोस न पाजता सांगतात. म्हणूनच या कादंबऱ्या मुलांइतक्याच मोठ्यांनीही वाचाव्यात अशा आहेत.