चिखल उपसायला चालतात, बैठकीला का नाही?

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. पाणी ओसरल्यावर घराघरांतला चिखल उपसायला, पाण्याच्या बाटल्या आणि चादरी वाटायला सगळ्यांत पुढे कोण होतं? पंधरा ते पंचवीस वयाची पोरं. आपल्या मोहल्ल्यांतली होती, बाहेरगावाहून आलेलीही होती. सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली. पण पुढच्या पुराच्या तयारीची गोष्ट निघाली, की बैठकीला बसतात ते साठीच्या पुढचे बुजुर्ग. पोरांनी फक्त खुर्च्या मांडायच्या!

पूर २००५ लाही आला होता. कोयनेच्या वीजगृहांतून सुटणारं पाणी वाशिष्ठीत उतरतं, त्यात खाडीला भरती असली की पाणी पुढे सरकत नाही, हे गावाला ठाऊक आहे. आता त्यात अरबी समुद्र तापतो आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचं शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं आहे. म्हणजे बुजुर्गांनी पाहिलेला पाऊस पुढच्या पावसाचं माप ठरणार नाही.

बांगलादेशात १९७० च्या चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. त्यानंतर तिथे गावोगावचे स्वयंसेवक तयार केले गेले. आज ते सत्तर हजारांहून जास्त आहेत आणि त्यांत निम्म्याच्या आसपास स्त्रिया आहेत. भोंगा घेऊन दारोदार फिरणारी ही माणसं त्याच वस्तीतली असतात, म्हणून लोक त्यांचं ऐकतात.

आपल्याकडे हे काम मुलं-मुली करू शकतात. कोणत्या गल्लीत पाणी आधी शिरतं, हे सायकलवर हिंडणाऱ्या पोराला नेमकं माहीत असतं. कोणत्या घरात बाळंतीण आहे, कुणाच्या दादीला जिना चढवत नाही, कुणाला इन्सुलिन लागतं, हे मुलींना जास्त माहीत असतं. (मुलींना वगळून केलेली यादी अर्धीच राहणार.) हवामान खात्याचा इशारा आणि भरतीची वेळ एकत्र वाचून सांगणंही त्यांना मोबाइलवर सहज जमतं. मात्र पोरांना पुराच्या पाण्यात उतरवणं म्हणजे सहभाग नव्हे. त्यांचं काम पाणी येण्याआधीचं आहे.

"पोरांना काय कळतं?" असं म्हणणाऱ्यांना एक आठवण द्यावीशी वाटते. हजरत उमर (रजि.) तरुण इब्ने अब्बास (रजि.) यांना बद्रच्या ज्येष्ठ सहाबांबरोबर सल्लामसलतीला बसवत. आमचीही मुलं याच वयाची आहेत, अशी हरकत तेव्हाही घेतली गेली होती. हजरत उमर यांनी त्यांना उठवलं नाही.

मृग लागायच्या आत प्रत्येक जमातीने बैठक घ्यावी आणि त्यात निम्म्या जागा पंचविशीच्या आतल्यांना द्याव्यात, मुलींसकट. मदरशाचा वरचा मजला कधी उघडायचा आणि किल्ली कुणाकडे राहील, हे त्यांच्या सल्ल्याने ठरवावं. थोडा निधीही त्यांच्या हाती द्यावा. नदीतला गाळ आणि पूररेषा यांबद्दल नगरपरिषदेत बोलायला जाल, तेव्हा त्यांच्यातल्या दोघांना सोबत न्या, आणि बोलूही द्या.